नऊ पांढऱ्या पुड्या

२ मे, शुक्रवार

लातूरहून परत येऊन आज बारा दिवस झाले. तिथल्या शाळेने मला काही वाईट वागवलं नाही, हे आधी लिहून ठेवते. काल शेजारच्या भीमामावशीजवळ माझ्या तोंडून तसा सूर निघाला आणि नंतर मला चैन पडलं नाही. मुख्याध्यापक हसत एवढंच म्हणाले होते, “मॅडम, तुमची बाटली उघडेपर्यंत घंटा होते.” खरंच होतं ते. प्रयोगाच्या तासाला मी प्रत्येक बाटलीवरचं नाव तीनदा वाचायची, मुलांना दोन पावलं मागे सरकवायची, पुन्हा नाव वाचायची. एकदा साठ मुलांसमोर हात इतका थरथरला की परीक्षानळी स्टँडवर आपटून फुटली. कुणाला लागलं नाही. पण सत्र संपताच मी राजीनामा दिला.

साहेबरावमामांनी बिलोलीला एका सेतू केंद्रात काम बघितलंय. लोकांचे अर्ज संगणकात भरायचे. दहा जूनपर्यंत हो-नाही कळवायचं. मामा चांगल्या मनानेच म्हणाले, “हितं काई फुटत न्हाई, बुद्धप्रिया. बस निवांत.”

मी स्वतःशी असं ठरवलंय: परवापासून आठ जूनपर्यंत सहा रविवार आहेत. गल्लीतल्या प्रेम, मालविका अशा पाच मुलांकडून घरातल्याच वस्तूंनी विज्ञानाचे प्रयोग करून घ्यायचे. सहाही रविवार नीट पार पडले तर मामांना नाही म्हणायचं आणि पुन्हा शाळांकडे अर्ज करायचे. एक जरी चुकला तर बिलोली, आणि शिकवण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नंतर पळवाट काढता येऊ नये म्हणून हे शाईने लिहितेय.

३ मे, शनिवार

दिवसभर वस्तू गोळा केल्या. लोक किती देतात! भीमामावशीने पानाच्या डब्यातला चुना दिला आणि वर तुरटीचा खडा. मेडिकलवाल्या सोमेशदादाने सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंजा आणि सलाइनची नळी दिली. प्रेमच्या आईने फुगे, रिकाम्या काड्यापेट्या आणि सायकलची फाटकी ट्यूब. ट्यूब कशाला लागेल हे मलाही माहीत नाही, पण त्यांनी इतक्या आनंदाने काढून दिली की नको म्हणवेना.

समोरच्या मालविकाच्या आईने गच्चीवरूनच एक जुनी कढई आणि दोन काचेचे ग्लास पिशवीत घालून दोरीने खाली सोडले. म्हणाल्या, “परत नका देऊ हं, तुमच्याकडेच राहू द्या.” मालविकाचे आजोबा, रेणुकादासकाका, रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झालेत. गल्लीतलं सगळ्यात मोठं घर त्यांचं. तरी मागताक्षणी दिलं, तेही कायमचं.

मी मात्र प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली: कुणाची, कधी आणली, धुऊन परत.

“आता घराला बी चिकटव,” आई म्हणाली. “हे घर चांगुणाबाईचं, धुऊन परत.”

चिठ्ठ्यांची सवय पप्पांची. लहानपणी मला दमा होता म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. पप्पांनी घरीच शिकवलं. ते विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. संध्याकाळी घरी येऊन एकेका वस्तूवर कागदाची पट्टी लावायचे. माठ, चूल, भिंत, आरसा. मी फिरून फिरून वाचायची. उकळणं, गंजणं, तरंगणं, सावली लांबणं, सगळं मी आमच्या दोन खोल्यांत शिकले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी मला दिलं त्याचा थोडा वाटा या पाच मुलांना पोचला तरी खूप आहे.

४ मे, रविवार

पार पडला! पाचही मुलं आली. हळद कालवून कागदाला फासली, वाळवली, मग कुणी त्यावर खायचा सोडा लावला, कुणी लिंबू, कुणी साबण. साबणाने कागद लालभडक झाला तेव्हा प्रेम ओरडला, “ताई, रक्त!” हात थरथरले, पण फक्त सुरुवातीला.

आई तीनदा मधे आली. आधी चहाचं पातेलं न्यायला, मग चाळणी, मग उगीचच. तिच्या घरकामात माझी अडचण होते. हळद तिची, लिंबं तिची, जागा तिची. बिचारी तक्रार करत नाही, नुसती दारात उभी राहते.

११ मे, रविवार

दुसरा रविवार. बाटलीत सोडा आणि लिंबाचा रस, तोंडावर फुगा. फुगा आपोआप फुगला की मुलं जी हसतात, त्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू?

आज सुरक्षिततेचे नियम सांगितले. डोळ्यात किंवा तोंडात काही गेलं तर त्यावर दुसरं काही घालायचं नाही. आधी नुसतं पाणी, भरपूर पाणी. मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

एक गोष्ट खटकतेय. दोन लिंबं कमी आहेत आणि एक फुगा. मी मोजूनच ठेवले होते. शिवाय आईच्या पदरावर हळदीचे लाल डाग दिसले. विचारलं तर म्हणाली, “धुताना पडले असतील.” नक्कीच माझ्याकडून साबणाचं पाणी सांडलं असणार. तिची पातळं आता मी धुवत जाईन.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो. आईने खीर केली. भीमामावशी, प्रेमचं घर आणि सोमेशदादाकडे मी देऊन आले. मालविकाकडेही डबा भरत होते, तर आई म्हणाली, “तिकडं राहू दे. म्हाताऱ्या माणसाला साखर असंल.” आई किती पुढचा विचार करते. मला सुचलंच नसतं.

१७ मे, शनिवार

उद्या चुन्याच्या निवळीचा प्रयोग. काल रात्रभर चुना पाण्यात ठेवला होता, आज वरचं स्वच्छ पाणी हळूच ओतून घेतलं. त्यात उच्छ्वास सोडला की ते दुधासारखं होतं. नळीने फुंकताना एखाद्याने चुकून ओढलं तर? म्हणून आधी फुग्यात श्वास भरायचा आणि फुग्यातून नळीने सोडायचा. हे मी कागदावर आकृती काढून तपासलं.

निवळी धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरली. ऊन लागू नये आणि कुणाचा धक्का बसू नये म्हणून आत माठाच्या मागे ठेवली. चिठ्ठी लावली: ‘चुन्याची निवळी. पिऊ नये.’ तांबड्या शाईने दोनदा अधोरेखित. आई तेव्हा नळाचं पाणी भरायला गेली होती. चार दिवसांनी आलं, आणि तेही गढूळ.

१८ मे, रविवार

लिहायला बसवत नाही, पण लिहिलं पाहिजे.

मुलं यायच्या आधीच रेणुकादासकाका आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. “मालविका येता-जाता लाल-पिवळं सांगत असते, म्हटलं बघावं तरी,” म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मी फुगे मांडत होते. उकाडा फार होता. त्यांनी आत हाक दिली, “बाई, घोटभर पाणी मिळेल का?”

आईने नवा पेला काढला, ताटलीत ठेवून आणला. काकांनी दोन मोठे घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. तोंड वेडंवाकडं झालं. मी धावत आत गेले. माठामागची बाटली उघडी होती.

मला काही सुचेना. चुना म्हणजे अल्क, अल्कावर आम्ल, एवढंच डोक्यात आलं आणि मी लिंबू उचललं. आईने माझ्या हातावर फटका मारून ते खाली पाडलं. “काई घालायचं न्हाई त्येच्यावर! नुसतं पाणी!” तिने काकांना दहा-बारा चुळा भरायला लावल्या, मग घोटघोट साधं पाणी दिलं. सोमेशदादाने मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. आईला ऐन वेळी ते कसं सुचलं कोण जाणे. तिचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर म्हणाले, तोंड आतून लाल झालंय, चार-पाच दिवस गार आणि मऊ खा, घाबरण्याचं कारण नाही. काका त्यांना म्हणाले, “तंबाखू सोडून वीस वर्षं झाली डॉक्टर, राहिलेला चुना आज खाल्ला.” सगळे हसले. मला रडू आलं.

मुलं आली तशी परत पाठवली. आई संध्याकाळभर ओट्याजवळ बसून होती. एकदाच बोलली. “तेवीस वर्षं झाली हितं ऱ्हाऊन. पहिल्यांदा त्या घरच्या माणसानं आपल्याकडं पाणी मागितलं. म्हटलं गढूळ कशाला, सगळ्यात निवळ द्यावं. अन् म्या चुना पाजला.”

मी म्हटलं, “आई, डॉक्टर म्हणालेत ना, दोन-चार दिवसांत बरं होईल.” तिने माझ्याकडे बघितलं आणि दिवा लावायला उठली.

१९ मे, सोमवार

पाचही घरी जाऊन काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बाटली कुणी भरली, कुठे ठेवली, सगळं. प्रेमची आई म्हणाली, “अगं, कशाला सांगत फिरतीस? कुणाला कळलं बी नसतं. ये, बस, ताक घे.” बाकीच्याही तशाच. मालविकाच्या आई मात्र म्हणाल्या, “आत्ता नको पाठवायला. थोडे दिवस जाऊ देत.” बरोबरच आहे त्यांचं. ओरडल्या नाहीत, हेच खूप. काका आत झोपले होते.

२१ मे, बुधवार

आज धीर करून आईला म्हणाले, “बाटलीवर तांबड्या शाईने लिहिलं होतं गं, आई.”

“लिहिलं असंल.”

ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच आपणहून बोलायला लागली. “तुझ्या पप्पानं बी लई चिठ्ठ्या लावल्या. म्या झाडताना त्या जपायची, फाटू देत नव्हते. माठावर माठाची हाय, एवढं मला ठाऊक. कुणी ती उचलून चुलीवर लावली असती, तर मला काय कळणार?”

आईला सहीपुरतीच अक्षरं येतात, हे मला कधीपासून माहीत आहे. रेशनच्या दुकानात मीच वाचून दाखवते. मी ती चिठ्ठी घरात कुणी चुकून पिऊ नये म्हणून लिहिली होती. घरात आम्ही दोघीच राहतो.

मग विचारलं, “आई, मी तुला वाचायला शिकवू?”

“शिकीव की. म्या कवा नको म्हणले? तूच इचारलं न्हाईस.” मग तिने फळीवरचे दोन डबे काढले आणि दोन्हीतली चिमूट माझ्या तळव्यावर ठेवली. “पर आधी मला सांग, खायचा सोडा कोणता अन् धुयाचा कोणता. चिठ्ठी न बघता.”

मला सांगता आलं नाही. मी बीएस्सी आहे.

“चोळ. बोटाला सुळसुळ लागतंय, त्यो धुयाचा. लगीच हात धू.”

मग तिने मला मीठ, तुरटीची पूड, मैदा, तांदळाचं पीठ, सगळं बोटांवर दाखवलं. मी वही काढून लिहून घेतलं. तिला हसू आलं. “एक फुगा म्याच नेला व्हता,” ती म्हणाली. “लिंबाचं बी तसंच. तुमी सगळे गेल्यावर करून बघितलं. फुगला की माझाबी!”

मी उगीच मोजणीत चूक झाली म्हणून दहा दिवस कुढत होते.

२५ मे, रविवार

आज वर्ग घेतला नाही. घेण्याची हिंमत झाली नाही. अठरा तारखेचाही झाला नव्हता, म्हणजे दोन रविवार गेले. मी शाईने लिहिलेलं आहे. मामांना होकार कळवायला हवा.

निरोप टाईप करत होते, तेव्हा आई भाकरी थापत होती. नियम काय आहे ते तिला पहिल्यांदाच सांगितलं.

“ह्यो नियम कुणी घातला?”

“मीच.”

“मग मामाला दहा तारखेपतोर टाईम हाय न्हवं? त्या आधी कशाला जीव घालवून राहिलीस?” तिने भाकरी उलटली. “येत्या ऐतवारी पोरांला सांग, घरातलं पांढरं काय बी पुडीत बांधून आणा. नाव लिहायचं न्हाई. म्या वळखून दावते.”

मला हे धोक्याचं वाटलं. म्हणून तिथल्या तिथे नियम केले: चुना आणि औषधं आणायची नाहीत. जिभेला लावायचं नाही. प्रत्येक पुडीनंतर हात धुवायचे. आईने तिन्ही नियम ऐकले आणि चौथा घातला. जे प्यायचं नाही त्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे चार वर्षांच्या पोरालाही कळेल. किती सोपं होतं हे.

१ जून, रविवार

चार मुलं आली, आठ पुड्या. घरोघरी आयांनी हौसेने बांधून दिल्या होत्या. भीमामावशी स्वतःच येऊन बसली, म्हणाली, “चांगुणाला परीक्षेत बघायचंय मला.”

आई आधी लाजली. पदर खोचला, पहिली पुडी उघडली आणि मग लाजायची विसरली. “ही गोळा व्हतीय, बोटाला ओल लागती. मीठ.” “हिला लिंबू पिळा.” फस्स झालं. “खायचा सोडा.” तुरटीची पूड गढूळ पाण्याच्या ग्लासात फिरवून ठेवून दिली आणि म्हणाली, “ही घाईची न्हाई, हिला बसू द्या.” साखर दळलेली होती, ती तिने चमच्यात घेऊन आचेवर धरली आणि मुलांना वास घ्यायला लावला. मैदा आणि तांदळाचं पीठ प्रेमने डोळे मिटून ओळखलं. मी फळ्यावर पुडी, स्पर्श, पाणी, लिंबू, आच असे रकाने पाडत होते. प्रत्येक रकाना भरत होता. धुण्याच्या सोड्यानंतर आणि रांगोळीनंतर हात मात्र मी दोनदा धुवायला लावले.

आठ झाल्या आणि दारात रेणुकादासकाका उभे दिसले. मालविकाने त्यांचं बोट धरलं होतं. मालविकाच्या आई गच्चीवर होत्या. मी माफी मागायला उठले, तर काका म्हणाले, “बस गं बेटा. आज मी तुझ्याकडे आलो नाही.” आणि पितळी झाकणाचा एक छोटा डबा त्यांनी थेट आईच्या हातात दिला.

“चांगुणाबाई, प्रेम काल खालून ओरडून सांगत होता, तुम्ही न वाचता ओळखता म्हणून. हा आमच्या हिच्या फळीवरचा आहे. चंद्रप्रभाला जाऊन तीन वर्षं झाली. सूनबाई म्हणते टाकून द्या, काय आहे कुणाला ठाऊक. मलाही ठाऊक नाही. पण टाकवत नाही.”

आईने झाकण उघडलं. आत पांढरी भुकटी, काठाला लागलेली. तिने वास घेतला, मग चिमूट घेऊन कानाजवळ चोळली.

“पिठाला आवाज नसतोय. मैदा मुका असतोय. हे करकर वाजतंय. ऐका.” तिने चिमूट काकांच्या कानाशी नेली. त्यांनी मान पुढे केली.

मग तिने थोडी भुकटी गार पाण्यात टाकली. ती तळाशी घट्ट बसली. मग पातेलीत कालवून आचेवर ठेवली. आधी काही झालं नाही, मग एकदम सगळं दाटलं आणि पांढऱ्याचं काचेसारखं झालं. “आरारोट,” आई म्हणाली. “आजारी माणसाला देतेत. पोटाला हलकं.”

काका पातेलीत बघत राहिले. मग म्हणाले, “टायफॉइडमधून उठलो तेव्हा महिनाभर वाटीतून काहीतरी देत होती. पातळ, असंच. मी पेपर वाचत प्यायचो. कशाचं आहे म्हणून एकदाही विचारलं नाही.”

मला आठवलं, मलमपट्टीच्या डब्यात जखमेवर लावायचं तांबडं औषध आहे, त्यात आयोडीन असतं. आईचं बरोबरच होतं, पण मुलांना दुसऱ्या वाटेनेही दाखवावंसं वाटलं. मी वाटीतल्या कोरड्या भुकटीवर एक थेंब सोडला. ती निळी-काळी झाली. मैद्यावर सोडला, तो झाला. तांदळाच्या पिठावर झाला. मिठावर नाही, सोड्यावर नाही. “हे सगळे एका जातीचे,” मालविका म्हणाली. “पिष्टमय,” मी म्हणाले. फळ्यावर नववी ओळ लिहिली. हात थरथरतोय का, हे बघायचं राहूनच गेलं.

काकांनी पातेली हातात घेतली. “हे खाता येईल?”

आईने माझ्याकडे बघितलं. मनातून फार वाटलं हो म्हणावं. पण तीन वर्षांचं होतं ते. “नको काका,” मी म्हणाले. “खरंच नको. वास घ्या नुसता.”

“बरं,” ते म्हणाले. आणि पातेली गार होईस्तोवर तशीच मांडीवर धरून बसले.

जाताना त्यांनी गच्चीकडे बघून मोठ्याने सांगितलं, “सूनबाई, पुढच्या रविवारी मालविका येणार आहे इथे!” मग मला विचारलं, “आणि शाळा सुरू झाल्यावर? बंद करणार?”

“नाही,” मी म्हणाले. “जूनमध्येही आहे. जुलैमध्येही. पावसाळ्यात पाण्याचे प्रयोग घेऊ. गळक्या पत्र्याखाली काय काय ठेवता येईल ते तुमच्या घरून पाठवा.”

ते हसत गेले. आई पातेली घासायला बसली आणि भीमामावशी तिला म्हणाली, “पास झालीस बाई.”

आता वही उघडल्यावर लक्षात आलं, मी जुलै म्हणाले. बिलोलीचं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. सकाळी मामांना फोन करते. त्यांनी माझ्यासाठी खटपट केली, त्याबद्दल आधी त्यांचे आभार मानायचे आणि मग नाही म्हणायचं.